पॉलिशवाल्यांनो, हात आवरा!

‘जीर्णोद्धार’ या शब्दाची मला अलीकडे धास्तीच वाटू लागली आहे. जीर्णोद्धाराच्या नावाखाली ऑइलपेंट फासलेली देवळे आपण पाहिली आहेत. पण हाच रोग थेट कोपनहेगनच्या खुर्च्या-कपाटांच्या दुकानात भेटेल असे मात्र वाटले नव्हते.

मुलीने तिकडे बिऱ्हाड केले आहे. तिला एक बसके कपाट आणि चार खुर्च्या हव्या होत्या. त्याही १९५०-६०च्या काळातल्या, दुरुस्त केलेल्या, अस्सल डॅनिश. दुकानदाराने मोठ्या कौतुकाने एक सागवानी कपाट पुढे केले. नुकत्याच घासलेल्या तांब्यासारखे ते लखलखत होते. “साठ वर्षे वापरलेले आहे, पण एक डाग दाखवा!” तो म्हणाला. मी वाकून कड पाहिली. वरचा सागाचा पापुद्रा घासून घासून इतका झिजला होता, की खालचे फिके लाकूड डोकावत होते. डाग नव्हता हे खरे. पण सागही उरला नव्हता!

वाचकहो, हे कपाट सगळेच्या सगळे भरीव लाकडाचे नसते. पाय आणि मुठी भरीव. मोठ्या फळ्यांवर मात्र लाकडाचा पातळ पापुद्रा, म्हणजे व्हिनिअर, चिकटवलेला असतो. तो बहुधा मिलिमीटरभरही जाड नसतो. यंत्राचा काचकागद चार वेळा फिरला, की त्याचे आयुष्य संपले. आणि हा साग म्हणजे कोणी परका नव्हे. ब्रह्मदेश-सयामच्या रानांतून तिकडे गेलेला, जातीने तोच आपला साग. ब्राझीलच्या रोजवुडची, म्हणजे आपल्या शिसवीच्या बहिणीची, कथा तर याहून करुण. त्या लाकडाच्या व्यापारावर १९९२ पासून अत्यंत कडक आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. जे घासून टाकले, ते गेलेच म्हणायचे.

“पण बाबा, डागाळलेल्या कपाटाला एवढे पैसे कोण मोजील?” मुलीने विचारले. प्रश्न रास्त आहे. मी दुरुस्तीचा वैरी नाही. सांधा खिळखिळा झाला, तर सोडवून पुन्हा सरस लावा. गादीतल्या फोमचा भुगा झाला, तर बदला. बैठकीची कागदी दोरी तुटली, तर नवी विणा. हान्स वेग्नर यांनी १९४९ साली आखलेल्या, वाय-आकाराच्या पाठीच्या खुर्चीला अशी सुमारे १२० मीटर दोरी लागते, आणि ती आजही हातानेच विणली जाते. अशा कामाचे दाम मी आनंदाने देईन. त्याने वस्तू पुन्हा वापरात येते. पण चहाच्या पेल्याचे एक वर्तुळ पुसण्यासाठी सारा पृष्ठभाग खरवडायचा आणि वर लाखेचा चकचकाट चढवायचा, ही दुरुस्ती नव्हे. ही रंगभूषा झाली, आणि तिचे पैसे भरायचे गिऱ्हाइकाने!

मुळात हे सामान कोणासाठी घडले? बोर्गे मोगेन्सेन १९४२ साली तिथल्या ग्राहक सहकारी संघाच्या फर्निचर विभागाचे प्रमुख झाले. सामान्य कुटुंबाला परवडेल असे चांगले सामान करायचे, हा त्यांचा ध्यास. १९४७ सालची त्यांची ‘लोकांची खुर्ची’ बीचच्या लाकडाची आणि कागदी दोरीची; तीवर एकही वेलबुट्टी नाही. पुढे कपाटे आखताना त्यांनी शर्टाच्या घड्या आणि काटे-चमचे यांची मापे घेतली, ती घरातल्या माणसांचे जिणे सोपे व्हावे म्हणून. अशा खुर्चीवर पोरांनी लापशी सांडायची नाही, तर कशावर सांडायची? आज तीच खुर्ची आपण मखरात बसवायला निघालो आहोत.

दोष एकट्या दुकानदाराचा नाही. जुने हवे, पण जुनेपण नको, असे म्हणणारे गिऱ्हाईक आहे, म्हणून त्याचा काचकागद फिरतो. तेव्हा घेणाऱ्यांनीच थोडे हट्टी व्हावे. खुर्ची उलटी करून सांधे पाहावेत, कपाटाच्या कडांवर बोट फिरवावे, आणि “याचे काय काय केलेत?” असे खडसावून विचारावे.

आम्ही कपाट तिथेच सोडले. दुसऱ्या दुकानातून बीचच्या चार खुर्च्या आणल्या. दोऱ्या नव्या विणलेल्या, पायांवर ओरखडे, आणि एकीच्या पाठीला शाईचा ठिपका. मुलगी तो पुसायला निघाली होती. मी म्हटले, “राहू दे ग. कोणीतरी पोर इथे बसून अभ्यास करीत असेल.” नातवाने लगेच तीच खुर्ची आपली म्हणून ओढून घेतली.