विज्ञानवार्ता : धरणारा आणि सोडणारा पापुद्रा

कल्याणनजीक मोहने येथें नॅशनल रेयॉनचा कारखाना होता. २००९ सालीं तो बंद पडला. तेथील कृत्रिम रेशीम लाकडाच्या लगद्यापासून होई, हें वाचकांस ठाऊक असेलच. हाच लगदा रसायनांत विरघळवून बारीक छिद्रांतून दाबला कीं धागा होतो, आणि अरुंद फटींतून दाबला कीं सेलोफेनचा पापुद्रा. १९४३ सालीं हॉलंडांत डॉ. कोल्फ यांनीं सेलोफेनच्याच नळीनें कृत्रिम मूत्रपिंड सिद्ध केलें.

मग या पापुद्र्यावर जिवंत पेशी वाढतील काय? सहसा नाहीं. पेशींस पाय रोवण्यास प्रथिनांचा थर लागतो. पाण्यानें फुगणाऱ्या सेलोफेनवर तो नीट बसत नाहीं. उलट, प्रयोगशाळेंतील प्लॅस्टिकच्या तबकडीस त्या इतक्या बिलगतात कीं, सोडविण्यास प्रथिनें पचविणारा द्रव घालावा लागतो, आणि पेशींची जुळलेली चादर विसकटते.

जपानांत ओकानो यांनीं तबकडीवर एका बहुवारिकाचा अतिसूक्ष्म लेप दिला. ३७ अंशांवर तो पेशींस धरून ठेवतो. ३२ अंशांखालीं गार होतांच पाणी शोषून फुगतो व चादर अखंड सोडतो. पानगी भाजली कीं केळीचें पान सुटतें, तसेंच हें. मात्र येथें काम गारव्याचें. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत चार रुग्णांच्या तोंडांतील पेशींची अशी चादर त्यांच्याच डोळ्यांच्या पारपटलावर बसविली. चौघांचीही दृष्टि सुधारली.

पदार्थ शरीरास सोसतो, एवढ्यानें भागत नाहीं. त्याचा पृष्ठभाग पेशींशीं कसा वागतो, हेंही पाहावें लागतें.