पात्रता हवी, चाळणी नको!

परवा इथे शॉमबर्गमध्येच एका मित्राकडे सत्यनारायण होता. प्रसाद झाला, मंडळी बेसमेंटमध्ये जमली आणि विषय नेहमीप्रमाणे मुलांच्या कॉलेजवर आला. यजमानांची मुलगी एका मोठ्या विद्यापीठात इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष संपवून आली होती. सगळ्या विषयांत पास, जी. पी. ए. ३.४. तरी तिला हवी ती शाखा मिळाली नव्हती. भारतातून आलेल्या तिच्या आजींनी विचारलं, "अहो, पोरगी नापास झाली नाही, मग अडलं कुठे?" आम्ही दहा-बारा इंजिनीअर तिथे बसलो होतो. एकालाही धड उत्तर देता आलं नाही.

आपल्या पिढीला हा प्रकार नवीन आहे. आपल्याकडे प्रवेशाबरोबरच शाखा ठरायची. 'मेकॅनिकल' म्हणजे चार वर्षं मेकॅनिकल! इथे बऱ्याच विद्यापीठांत प्रवेश नुसता 'इंजिनीअरिंग'ला मिळतो. पहिल्या वर्षी सगळ्यांना कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्री आणि थोडं प्रोग्रॅमिंग. मग शाखेसाठी दुसरा अर्ज. टेक्सास ए अँड एममध्ये २०१४ पासून ही पद्धत सुरू झाली. पहिली पसंती हमखास मिळायला आधी ३.५ जी. पी. ए. लागायचा, पुढे तो ३.७५ केला गेला. आता मला सांगा, मधल्या काळात थर्मोडायनॅमिक्स अवघड झालं का? न्यूटनचे नियम बदलले का? वाढली ती फक्त रांग.

माझं भांडण इथेच आहे. वरच्या वर्गाच्या दारात विद्यार्थ्याला दोन प्रश्न विचारता येतात. एक, 'पुढचं झेपेल एवढं तुला येतं का?' दुसरा, 'तू शेजारच्यापेक्षा पुढे आहेस का?' पहिल्या प्रश्नाला पात्रता म्हणतात. स्टॅटिक्स न येता कुणी पुलाचं डिझाइन शिकायला बसू नये. ही अट कितीही कडक असो, माझा तिला नमस्कार. दुसरा प्रश्न म्हणजे निव्वळ चाळणी. ती पात्रतेचा मुखवटा घालून उभी राहते, हे मला खटकतं.

पुणे विद्यापीठातले आमचे दिवस आठवा. एफ. ई.चे काही विषय राहिले तरी एस. ई.ला जाता यायचं, पण एफ. ई. पूर्ण सुटल्याशिवाय टी. ई.चं दार उघडत नसे आणि एस. ई. सुटल्याशिवाय बी. ई.चं. माझा एम-थ्री राहिला होता. घरी आठवडाभर सन्नाटा! पण ए. टी. के. टी. मिळाली, टी. ई. करता करता तो सोडवला आणि बी. ई.ला गेलो. ते विद्यापीठ काही प्रेमळ नव्हतं. 'वाय. डी.' होऊन घरी बसलेले मित्र मी पाहिले आहेत. पण विषय उशिरा सुटला तरी सुटलाच, एवढं त्या नियमाला कळत होतं.

पुढे मी इथे एम. एस.ला आलो. मी मेकॅनिकलचा, म्हणून डेटा स्ट्रक्चर्स आणि ऑपरेटिंग सिस्टिम्स हे पदवीचे दोन विषय आधी निदान 'बी' ग्रेडने करा, मग वरचे घ्या, अशी अट पडली. तेव्हा फार राग आला. आज वाटतं, अट कडक होती पण न्याय्य होती. वर्गातल्या सगळ्यांना 'बी' मिळाली असती तर सगळेच पुढे गेले असते.

आता त्या मुलीची गोष्ट. हायस्कूलमध्ये ए. पी. कॅल्क्युलसमध्ये पाचपैकी पाच. तिने ते क्रेडिट घेऊन पहिल्याच सेमिस्टरला पुढचा कॅल्क्युलस घेतला आणि 'बी' मिळवली. तिच्या मैत्रिणीचीही तयारी तेवढीच होती, पण तिने क्रेडिट सोडलं, येत असलेलाच कॅल्क्युलस पुन्हा केला आणि 'ए' घेऊन शाखेत गेली. मैत्रिणीला मी दोष देत नाही, ती नियमाप्रमाणे शहाणपणाने वागली. पण जो नियम पुढचं शिकणाऱ्याला मागे टाकतो, तो इंजिनीअर घडवतो की हिशेबनीस?

'जागा कमी, लॅब्ज मर्यादित, करणार काय?' असं विद्यापीठवाले म्हणतात. मान्य. पण पानं किती मांडायची हे आमंत्रणं देण्याआधी ठरवतात. आहेर घेऊन पंगतीला बसवायचं आणि वरणभात झाल्यावर निम्म्यांना उठवायचं, ही कुठली रीत? 'अठराव्या वर्षी शाखा काय कळणार, वर्षभर चाखून बघू दे' हा दुसरा युक्तिवाद. तो मलाही पटतो. पण मग चाखण्याचे मार्क कशाला?

आपल्या इलिनॉयचं अर्बाना-शॅम्पेन बहुतेकांना थेट शाखेतच घेतं. दार अरुंद आहे आणि कॉम्प्युटर सायन्सला मागाहून शिरणं तर महाकठीण. पण 'नाही' म्हणायचं ते बहुतेकांना फी भरण्याआधी म्हणतं. शिवाय रोझेल रोडने थोडं उत्तरेला गेलं की पॅलेटाइनला हार्पर कॉलेज आहे. तिथून अर्बानाच्या इंजिनीअरिंगला जायचा आखलेला मार्ग आहे. कोणते विषय, किती ग्रेड, हे आधी लिहून दिलेलं. आपण मात्र 'कम्युनिटी कॉलेज' म्हटलं की नाक मुरडतो!

तेव्हा पालकहो, प्रवेशाचं पत्र आलं की विद्यापीठाचा स्वेटशर्ट घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. शाखा नक्की आहे की दुसरा अर्ज करायचा आहे? हमखास जागेचा आकडा किती आणि तो गेल्या काही वर्षांत बदलला का? आणि हुकला तर पुढे काय? उत्तर लेखी घ्या. आपण विचारत नाही, म्हणून ते सांगत नाहीत.

त्या दिवशी आजींना उत्तर देता आलं नाही, ते आज देतो. आजी, तुमची नात कुठेच अडली नाही. तिला अडवलं.