कारा समुद्राचे बर्फ आणि टेंभुर्णीचे सोयाबीन

जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णीच्या शेतकऱ्याला कारा समुद्र ठाऊक असण्याचे कारण नाही. रशियाच्या उत्तर किनाऱ्याला लागून, नोव्हाया झेम्ल्या या बेटांच्या पूर्वेस पसरलेला, ओब आणि येनिसेई या महानद्यांचे पाणी पोटात घेणारा हा समुद्र वर्षातील बराच काळ बर्फाखाली असतो. शाळेच्या नकाशातही त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु गोव्यात वास्को येथे असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये एक निष्कर्ष मांडला आणि या अपरिचित समुद्राचा संबंध मराठवाड्याच्या काळ्या जमिनीशी येऊन पोहोचला. ज्या वर्षी उन्हाळ्यात कारा समुद्रावरील बर्फ अधिक वितळते, त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मध्य भारतात अतिवृष्टीचे प्रसंग वाढण्याकडे कल दिसतो, असे त्यांना आढळले. मध्य भारताचा तो पट्टा मराठवाड्याच्या दाराशीच आहे.

सप्टेंबर हा शब्द येथे महत्त्वाचा. पूर्वा नक्षत्र संपून उत्तरा लागते आणि पुढे हस्ताचे वेध लागतात, तो हा काळ. जूनच्या अखेरीस वा जुलैच्या आरंभी पेरलेले सोयाबीन याच सुमारास पिवळे पडून काढणीला येते. या दिवसांत पिकाला पाऊस नको असतो, उघडीप हवी असते. पंधरा दिवस ऊन मिळाले तर वर्ष पदरात पडते. सलग चार दिवस पाऊस लागला तर शेंगेतच कोंब फुटतात, दाणा काळा पडतो, आणि कापून ठेवलेली गंजी आतून तापून कुजते. कपाशीची बोंडे सडतात, मोसंबीची फळगळ होते. ज्या जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही, ज्याने १९७२ चा आणि २०१२-१३ चा दुष्काळ अंगावर झेलला, त्या जिल्ह्याला पावसाच्या आधिक्याने मरावे लागणे हा दैवदुर्विलास खराच. पण तो केवळ दैवाच्या खाती टाकून मोकळे होता येईल काय, हा आजचा प्रश्न आहे.

उत्तर ध्रुवप्रदेश १९७९ पासून पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापत आला आहे. उपग्रहांनी अखंड मोजणी सुरू केली त्या १९७९ साली सप्टेंबरमधील किमान बर्फाचा विस्तार सुमारे ७० लक्ष चौरस किलोमीटर होता; २०१२ मध्ये तो ३४ लक्षांवर उतरला. २०२५ च्या मार्चमध्ये हिवाळ्यातील कमाल विस्तारानेही नीचांक गाठला. पांढरे बर्फ सूर्याचा प्रकाश परतवते, उघडे काळे पाणी तो शोषून घेते. म्हणजे एकदा बर्फ हटले की उष्णता साठते आणि साठलेली उष्णता आणखी बर्फ हटवते. कारा समुद्र असा उघडा पडला की वायव्य युरोपावर वायुभाराचे जास्त दाबाचे क्षेत्र तयार होते, त्याच्या लाटा वातावरणाच्या वरच्या थरांतून आशियाकडे सरकतात, आणि त्याच वेळी अरबी समुद्र नेहमीपेक्षा उबदार असेल तर मध्य भारतावर ढगांना भरपूर बाष्प मिळते, अशी ही साखळी वास्कोच्या शास्त्रज्ञांनी मांडली आहे. अमुक गावच्या अमुक दिवसाचा पाऊस ध्रुवावरून आला असे कोणी म्हणत नाही, आणि म्हणू नये. पॅसिफिकमधील एल निनो, हिंदी महासागराचे तापमान अशी इतरही कारणे त्यात गुंतलेली आहेत. तथापि दूरच्या बर्फाचा आणि येथल्या पावसाचा संबंध शोधण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयावरील बर्फावरून मोसमी पावसाचा अंदाज बांधला आणि १८८६ मध्ये पहिले अधिकृत दीर्घ मुदतीचे भाकीत प्रसिद्ध झाले. पुण्यातील शिवाजीनगरची हवामान कचेरी सिमल्याहून १९२८ साली तेथे आली, म्हणून पुणेकर अजूनही त्या चौकाला सिमला ऑफिस म्हणतात. दीडशे वर्षांपूर्वी बर्फ हिमालयाचे होते, आता कारा समुद्राचे आहे, इतकेच.

मराठी वाचकाला उत्तर ध्रुव तसा अगदीच परका नाही. लोकमान्य टिळकांचा ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला. आर्यांचे मूळ वसतिस्थान ध्रुवप्रदेशात होते आणि हिमयुग आल्यामुळे त्यांना तेथून निघावे लागले, हा त्यांचा सिद्धांत आजचे शास्त्र स्वीकारत नाही. परंतु हवामान पालटले की माणसांची वसती पालटते, ही त्यामागची जाणीव काही कालबाह्य झालेली नाही. टिळकांच्या कथेत बर्फ आल्याने माणसे निघाली. या शतकात बर्फ जात असल्याने बोटी, तेलकंपन्या आणि राजदूत तिकडे निघाले आहेत.

भारतही त्यांत आहे, आणि त्यात गैर काही नाही. १९२० च्या स्वालबार्ड कराराखाली भारताचे नाव आहे. २००७ मध्ये पहिली भारतीय मोहीम तिकडे गेली, २००८ मध्ये स्वालबार्डच्या न्यू-ऑलेसुंद या वस्तीत ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र उघडले, २०१३ मध्ये आर्क्टिक परिषदेत भारताला निरीक्षकाचे स्थान मिळाले, २०१४ मध्ये तेथील फियोर्डच्या पाण्यात ‘इंडआर्क’ हे मोजणीचे यंत्र सोडण्यात आले, आणि २०२३ च्या डिसेंबरपासून हिवाळ्याच्या काळोखातही भारतीय शास्त्रज्ञ तेथे राहू लागले. २०२२ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने आपले आर्क्टिक धोरण जाहीर केले. त्याचे सहा स्तंभ आहेत. विज्ञान आणि हवामान हे पहिले दोन. आर्थिक व मानवी विकास आणि दळणवळण हे त्यांच्यामागोमाग. ध्रुवप्रदेशाचा मोसमी पावसाशी असलेला संबंध समजून घेणे हा धोरणाचा हेतू म्हणून स्पष्ट शब्दांत नोंदलेला आहे. कागद उत्तम आहे. तक्रार आहे ती कागद खाली ठेवल्यानंतर कशाची चर्चा होते याविषयी.

चर्चा होते ती सागरी मार्गाची. रशियाच्या उत्तर किनाऱ्याने जाणारा मार्ग बर्फ वितळल्यामुळे अधिक दिवस खुला राहू लागला असून २०२४ मध्ये त्यावरून सुमारे ३ कोटी ७९ लक्ष टन माल गेला. त्याच वर्षी या मार्गासाठी भारत आणि रशिया यांचा संयुक्त कार्यगट बसला. २०२५ च्या डिसेंबरात अध्यक्ष पुतिन दिल्लीत आले असता ध्रुवीय पाण्यातील जहाजांसाठी माणसे तयार करण्याचा करारही झाला. भारतीय खलाशांना काम मिळणार असेल तर त्याला कोण नाही म्हणेल? परंतु या मार्गाच्या नावाने युरोप जवळ आल्याचे जे चित्र रंगवले जाते, ते नकाशासमोर उभे राहून एकदा तपासावे. योकोहामाहून रॉटरडॅमला सुएझमार्गे सुमारे ११,२०० सागरी मैल पडतात, उत्तरेच्या मार्गाने ७,३०० च्या आसपास. जपानचा, कोरियाचा, उत्तर चीनचा फायदा उघड आहे. मुंबईहून रॉटरडॅम मात्र सुएझमार्गे साडेसहा हजार मैलांच्या आतच आहे. उत्तरेने जायचे तर आधी सिंगापूरला वळसा घालून जपानपर्यंत चढावे लागेल आणि अंतर दुपटीच्या घरात जाईल. जालन्याची सळई असो वा सरकीच्या पेंडीचा व्यापारी असो, न्हावा-शेव्याहून युरोपकडे जाणाऱ्या मालाला या मार्गाचा काडीचा उपयोग नाही. भारताला त्यावरून मिळायचे ते रशियाच्या उत्तरेतील तेल, वायू आणि कोळसा. म्हणजे जे जाळल्यामुळे बर्फ वितळले, तेच बर्फ वितळल्यामुळे स्वस्तात आणायचे.

येथे विकासाचे नाव काढून कोणी रागावू नये. तेल लागते, आणि ज्या देशाला आपल्या गरजेचे बहुतेक तेल आयात करावे लागते त्याने सोवळे मिरवण्यात अर्थ नाही. २०१६ मध्ये भारताच्या सार्वजनिक क्षेत्रातील तेलकंपन्यांनी रशियाच्या व्हांकोर तेलक्षेत्रात मिळून जवळपास निम्मा वाटा घेतला. ते क्षेत्र ध्रुववृत्ताच्या उत्तरेला, कारा समुद्राकडे जाणाऱ्या येनिसेईच्या खोऱ्याच्या बाजूला आहे. तेव्हा तेथे आपले पैसे आधीच गुंतलेले आहेत. नेमक्या याच कारणाने एक गोष्ट मागण्याचा हक्क दिल्लीला पोहोचतो, आणि ती मागितल्याचे मात्र ऐकू येत नाही. कारा समुद्राचा किनारा रशियाचा, तेथील किनारी वेधशाळा रशियाच्या. २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यानंतर आर्क्टिक परिषदेतील इतर सात देशांनी रशियाशी बैठका थांबवल्या. परिषदेच्या तांत्रिक गटांचे काम पुढे काही अंशी सुरू झाले, तरी पाश्चात्त्य संस्थांचे रशियन संस्थांशी असलेले शास्त्रीय सहकार्य बहुतांशी तुटलेलेच राहिले. दोन्ही बाजूंशी बोलणे चालू ठेवणाऱ्या मोजक्या देशांत भारत आहे. तेलाच्या सवलतीबरोबर कारा समुद्राच्या बर्फाची, पाण्याच्या उष्णतेची, वाऱ्याची दैनंदिन नोंद वास्को आणि पुण्याला नियमित मिळावी, अशी अट घातली तर ती रशियाला जड जाणार नाही, आणि तिची किंमत मराठवाड्यात कोणत्याही तेलवाहू जहाजापेक्षा अधिक भरेल.

अर्थात माहिती वास्कोला पोहोचली म्हणजे टेंभुर्णीला पोहोचली असे नव्हे. २०२५ चे उदाहरण ताजे आहे. त्या वर्षी ३१ ऑगस्टला हवामान खात्याने सप्टेंबरचा अंदाज दिला: देशभरात सरासरीच्या १०९ टक्क्यांहून अधिक पाऊस. सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात पावसाने आणि पुराने हाहाकार उडाला, आणि ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारला ३१,६२८ कोटी रुपयांचे मदतपॅकेज जाहीर करावे लागले. खात्याचा अंदाज चुकला असे म्हणता येणार नाही. पण देशाच्या सरासरीचा तो आकडा हाती घेऊन जाफराबाद तालुक्यातील शेतकऱ्याने करायचे काय? लवकर येणारे वाण कोणते, काढणी आठ दिवस आधी उरकावी काय, मळणीयंत्र कोणत्या आठवड्यात सांगून ठेवावे, ताडपत्री घ्यावी की नको, हे त्याचे प्रश्न आहेत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने घडवलेली आणि २०२५ च्या मे महिन्यात सुरू झालेली भारत अंदाज प्रणाली सहा किलोमीटरच्या चौकटीपर्यंत उतरते. साधन आहे. पण तालुक्याच्या कृषी कार्यालयातून ऑगस्टच्या अखेरीस, सोयाबीन उभे असताना, चार ओळींचा सल्ला निघून तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि शाळेच्या भिंतीवर लागला पाहिजे. त्याला लागणारा खर्च ‘हिमाद्री’च्या एका मोहिमेच्या मानाने चिल्लर आहे.

आणि इशारा मिळूनही पीक गेले तर? येथे धोरणाची गाठ विम्याशी पडते, आणि ही गाठ सर्वांत सैल आहे. २०२३ मध्ये राज्याने एक रुपयात पीकविमा दिला. त्यात बोगस अर्ज शिरले, शासनावर भार पडला, आणि २०२५ च्या खरिपापासून ती योजना गुंडाळण्यात आली. शेतकऱ्याने खरिपाचा दोन टक्के हप्ता भरावा, यात अन्याय नाही. अन्याय पुढे आहे. त्याच फेरबदलात स्थानिक आपत्ती, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती आणि काढणीनंतरचे नुकसान ही संरक्षणेही काढून टाकण्यात आली. भरपाई केवळ पीककापणी प्रयोगातून निघालेल्या उत्पादनावर ठरू लागली. पीककापणी प्रयोग उभ्या पिकाचा होतो. कापून रानात ठेवलेल्या सोयाबीनवर चौथ्या दिवशी आभाळ फाटले, तर प्रयोगाच्या वहीत उत्पादन चांगलेच नोंदलेले असते आणि शेतकऱ्याच्या गंजीतून वास येऊ लागलेला असतो. पूर्वी कापणीनंतरचे चौदा दिवस विम्याच्या छत्राखाली होते. सप्टेंबरची अतिवृष्टी वाढण्याची चिन्हे आहेत असे केंद्राचीच एक संस्था सांगते, आणि सप्टेंबरच्या अतिवृष्टीसाठी असलेले संरक्षण राज्य नेमके त्याच काळात काढून घेते. बोगस अर्जांना आळा घालायचा तर सातबारा आणि ई-पीक पाहणी जुळवावी, दलालांना तुरुंगात घालावे. खऱ्या शेतकऱ्याचे छत्र काढून घेणे हा त्यावरचा उपाय कसा होतो?

पंचनाम्याचा प्रश्न याला लागूनच आहे. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी, ही शासनाची मोजपट्टी महसूल मंडळातील केंद्रावर लावली जाते. एका मंडळात कितीतरी गावे. केंद्रावर साठ मिलिमीटर आणि शेजारच्या शिवारात शंभर, हे मोसमी पावसाच्या स्वभावातच आहे. पुन्हा, काढणीच्या दिवसांत चाळीस-चाळीस मिलिमीटरचा पाऊस चार दिवस चालू राहिला तर वापसा येत नाही आणि पीक जाते. पण एकाही दिवशी ६५ ची रेषा ओलांडली नाही म्हणून कागदावर अतिवृष्टी होत नाही. सप्टेंबरसाठी सलग पावसाच्या दिवसांची वेगळी मोजपट्टी लागेल.

आर्क्टिक धोरणाची अंमलबजावणी अनेक मंत्रालयांत विभागलेली आहे: पृथ्वी विज्ञान, परराष्ट्र, नौवहन, पेट्रोलियम. कृषी खात्याचे नाव त्या चर्चेत क्वचितच निघते. राज्यांचे तर नाहीच. महाराष्ट्राने ते काढायला हरकत नाही. पुण्याच्या संस्था येथे आहेत, वास्को एका रात्रीच्या अंतरावर आहे, आणि २०२६ चा खरीप हातातला आहे. राज्याच्या कृषी आयुक्तालयाने वास्को आणि पुणे येथील शास्त्रज्ञांना दरवर्षी ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात एका टेबलाशी बसवावे, कारा समुद्रावर त्या वर्षी किती बर्फ उरले ते विचारावे, आणि जे उत्तर येईल ते सोयाबीनच्या भाषेत जिल्ह्याजिल्ह्याला कळवावे. काढणीनंतरच्या चौदा दिवसांचे संरक्षण परत आणण्यासाठी मात्र कोणत्याही शास्त्रज्ञाची वाट पाहावी लागत नाही. मंत्रिमंडळाची एक बैठक पुरते.