देव्हाऱ्यात हरवलेला नट

खर्डा म्हटले की १७९५ ची लढाई आठवते. आम्हां खर्डेकर चित्रपटवेड्यांनी जिल्ह्याचा आणखी एक अभिमान सांगायला हवा : १९१८ साली अहमदनगरात ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले शाहू मोडक. कृष्ण आणि ज्ञानेश्वर साकारले म्हणून लोकांनी त्यांना देव्हाऱ्यात बसवले. नट म्हणून मात्र विसरले. हा अन्याय आहे.

१९३९ चा विषय निघाला की आपले रसिक ‘गॉन विथ द विंड’मधल्या क्लार्क गेबलचे गोडवे गातात. (मीही गातो.) त्याच वर्षी पुण्याच्या प्रभातने शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखाली ‘माणूस’ काढला. त्यातला मोडकांचा पोलीस शिपाई गणपत मैना या वेश्येवर जीव लावतो, तिला आईच्या भेटीला घरी नेतो. गेबलचा रुबाब त्याच्यात औषधालाही नाही; आहे ते साध्या माणसाचे अवघडलेपण. शांता हुबळीकरांची मैना गाण्यामुळे अजून ओठांवर आहे. गणपतविषयी मात्र फारसे कुणी बोलत नाही.