आवळणाऱ्याची जबाबदारी

रत्नागिरीसारख्या समुद्रकाठच्या गावी मोटार बाळगणाऱ्याला एक गोष्ट फार लवकर उमगते : गाडीचे वय नोंदणीच्या कागदावर काहीही लिहिलेले असो, तिच्या खालच्या अंगाचे वय खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस हे दोघे मिळून ठरवीत असतात. यंदा मृगाच्या आधी पुढच्या चाकांच्या झिजलेल्या डिस्क आणि ब्रेक पॅड बदलावेत, आणि ते काम घरच्या अंगणात स्वतःच्या हाताने करावे, असे मी योजिले होते. परंतु जे काम दुपारच्या जेवणापूर्वी आटोपेल अशी माझी अटकळ होती, त्याला पुरते दोन दिवस लागले, आणि त्यातला बहुतेक सर्व वेळ नवे भाग बसविण्यात नव्हे, तर जुने बोल्ट सोडविण्यात गेला. जाम बोल्टाचा सारा दोष आपण गंजाच्या माथी मारून मोकळे होतो. परंतु त्यातला फार मोठा वाटा तो बोल्ट पूर्वी ज्याने आवळला त्याच्या हयगयीचा असतो, असे माझे मत त्या दोन दिवसांत पक्के झाले, आणि तेच आज वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

बोल्ट जाम का होतो, हे प्रथम समजून घेणे इष्ट. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांमध्ये एवढी जागा नसल्यामुळे तो तेथल्या तेथे दाटून पाचरीसारखा बसतो, आणि हवेतील मीठ या क्रियेला गती देते. शिवाय बोल्ट आवळताना आपण जे बळ लावतो, त्यातील सुमारे ९० टक्के माथ्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणातच खर्च होते, प्रत्यक्ष ताण देण्यास जेमतेम १० टक्के उरते. म्हणजे धड स्थितीतला बोल्टसुद्धा मुख्यत्वेकरून घर्षणानेच धरलेला असतो. त्यात गंजाची भर पडली की नुसत्या मनगटाच्या जोराला तो दाद देईनासा होतो.

अशा बोल्टाला पहिली गरज मुदतीची असते. गॅरेजमधले मिस्त्री ‘बोल्टाला तेल पाजा’ असे म्हणतात, आणि त्या क्रियापदात या विद्येचे सार आले आहे. कारण तेल पाजावयाचे म्हणजे ते आत मुरेपर्यंत थांबणे आलेच. तारेच्या ब्रशाने उघडे आटे साफ करावेत, मुरणारे तेल आट्यांच्या तोंडाशी सोडावे, रात्रभर तसेच ठेवावे आणि सकाळी पुन्हा सोडावे. पूर्वी हे काम रॉकेलवर होत असे. आज घरोघरी दिसणारा डब्ल्यूडी-४० चा डबा १९५३ साली अमेरिकेत जन्मला तो मुळात धातूवरचे पाणी हटवून गंज टाळण्यासाठी. तोही थोडेबहुत काम करतो, परंतु जाम आट्यांसाठी मुद्दाम बनविलेली मुरणारी तेले वेगळी मिळतात, ती अधिक उपयोगी पडतात. मात्र तेलाचा एक थेंबही डिस्कच्या पृष्ठभागावर वा पॅडवर राहू देता कामा नये. तसे झाले तर ब्रेक दुरुस्त करावयास निघालेल्या माणसाने तो नादुरुस्त करून ठेवला, असा अर्थ होईल.

मुदतीनंतर युक्तीचा क्रम येतो. चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वीच, चाक जमिनीवर टेकलेले असताना, सैल करून घ्यावेत. आणि गाडी उचलल्यावर ती केवळ जॅकच्या भरवशावर न ठेवता भक्कम घोडीवर टेकवावी, कारण जाम बोल्टाला हिसका देताना गाडी हलते आणि जॅक दगा देतो. कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, ब्रॅकेटचे बोल्ट बहुधा चाकाच्या आतल्या बाजूने बसविलेले असतात. त्यामुळे बाहेरून वाकून हात घालणाऱ्याला उलटसुलट दिशांचा भ्रम होतो आणि सोडविण्याच्या समजुतीने तो बोल्ट आणखी आवळीत राहतो. म्हणून बोल्टाच्या माथ्याकडे समोरून पाहतो आहोत अशी कल्पना करून दिशा निश्चित करावी. बारा कोनी सॉकेटापेक्षा सहा कोनी सॉकेट घ्यावे, कारण ते कोपऱ्यांऐवजी सपाट बाजूंवर भार देते आणि माथा गोल होत नाही. बळापेक्षा भुजेची लांबी महत्त्वाची : शंभर न्यूटन-मीटरने आवळलेल्या बोल्टासाठी २० सेंटीमीटरच्या पान्याला सुमारे ५० किलोंचा जोर लागतो, तर ६० सेंटीमीटरच्या दांड्याला १७ किलो पुरतात. माथ्यावर हातोड्याचे दोन-चार सरळ ठोके दिले म्हणजे गंजाची पकड तडकते. मग बोल्ट किंचित आवळून पाहावा, नंतर सोडवावा, आणि एकदा हलला की एका दमात बाहेर न काढता थोडा पुढे, थोडा मागे, मध्ये पुन्हा तेल, अशा रीतीने काढावा.

यापुढची पायरी उष्णतेची, आणि येथे मला निक्षून सांगितले पाहिजे की ब्रेकच्या परिसरात घरगुती ज्योत वापरू नये. तेथे रबराची आवरणे असतात, पेट घेणारे ब्रेकचे तेल असते. आणि क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनर तापला तर त्यातून फॉस्जिन हा विषारी वायू निर्माण होतो. बोल्टाचा माथा गोल होऊ लागला, किंवा ब्रेकच्या तेलातली हवा काढण्याचा पोकळ स्क्रू पिळवटू लागला, की हात आवरावा आणि काम जाणत्या मिस्त्रीच्या स्वाधीन करावे. त्यात कमीपणा मुळीच नाही. अर्धवट जमलेल्या ब्रेकची जोखीम केवळ चालकाच्या माथी नसते. रस्ता ओलांडणाऱ्या अनोळखी माणसाचा जीवही त्यात गुंतलेला असतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी आट्यांचे एकच प्रमाण असावे अशी सूचना इंग्लंडात मांडली. तोपर्यंत प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत, आणि एकाने केलेला बोल्ट दुसऱ्याच्या नटात बसेलच याची शाश्वती नव्हती. प्रमाण आले आणि कोणाही परक्या हाताला दुसऱ्याचे काम खोलता येऊ लागले. बोल्ट या वस्तूचे प्रयोजनच हे आहे. जे कधी खोलावयाचे नाही ते सांधून किंवा रिव्हेट मारून टाकता येते. म्हणून बोल्ट आवळणारा प्रत्येक जण पुढे तो सोडविणाऱ्या अज्ञात माणसाला वचन देत असतो. माझ्या गाडीच्या बाबतीत हे वचन कोणी पाळलेले नव्हते. मागच्या खेपेस टायर बदलताना हवेच्या बंदुकीने नट असे आवळलेले होते की, गाडीसोबत मिळालेल्या पान्याने त्यातला एकही हलेना. ब्रॅकेटचे बोल्ट जुना गंज न झाडताच चढविलेले होते, आणि कॅलिपरच्या सरकत्या पिनांना वंगणाचा स्पर्शही झालेला नव्हता.

अंगणात ही गैरसोय दोन दिवसांत निभावते. परंतु आंबा घाटात, रात्रीच्या वेळी, भर पावसात चाक पंक्चर झाले आणि एखादी वृद्ध व्यक्ती किंवा एकटी भगिनी गाडीतला पाना घेऊन उतरली, तर त्याच हयगयीचे रूप किती भयंकर असेल, याचा विचार प्रत्येक टायरवाल्याने आणि गॅरेजच्या मालकाने करावा. उपाय खर्चिक नाही. आटे ब्रशाने साफ करावेत, चाक जेथे टेकते त्या हबच्या तोंडावर जाम-रोधक वंगणाचा पातळ हात द्यावा, पिनांना ब्रेकसाठीचे खास वंगण लावावे, आणि शेवटचा आवळ टॉर्क पान्याने, निर्मात्याने नेमून दिलेल्या मापाइतकाच द्यावा; कमी नको, तसा अधिकही नको.

गिऱ्हाइकानेही आपला हक्क बजावावा. पुढच्या खेपेस चाके बसवून घ्याल, तेव्हा गॅरेजच्या दारातून गाडी बाहेर काढण्यापूर्वी तुमच्या गाडीतल्याच पान्याने प्रत्येक चाकाचा एक नट सोडवून पाहा आणि तेथल्या टॉर्क पान्याने तो पुन्हा मापात आवळून घ्या. नट तुमच्या हाताने सुटला नाही, तर काम पुरे झालेले नाही. ते पुरे करून घेतल्यावाचून पैसे देऊ नका.