‘एफएल’ मागे पडले की आपण?

‘सर, एफएल आता मागं पडलंय म्हणतात. ते सोडून एबलटन शिकावं का?’

हा प्रश्न आम्हाला येलदरीच्या एका विद्यार्थ्याने विचारला. बी. ए. ला मराठी घेतलेला हा मुलगा जयंतीच्या मिरवणुकांसाठी आणि हळदीच्या कार्यक्रमांसाठी गाणी ‘मिक्स’ करतो. पूर्णेवरच्या धरणाच्या पायथ्याशी साडेबावीस मेगावॅटचे वीजकेंद्र असले, तरी त्याचा संगणक केव्हा चालू राहील हे भारनियमन ठरवी, असे दिवसही या गावाने पाहिले आहेत. प्रश्न ऐकून शिक्षककक्षात हशा पिकला. ‘मराठीच्या प्राध्यापकांना डीजेवाल्यांची चौकशी कशाला?’ असे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले. प्रस्तुत लेख त्या हशाला उत्तर म्हणून आम्ही दोघे लिहीत आहोत. हा प्रश्न मराठीच्याच अभ्यासकांचा आहे, अशी आमची ठाम धारणा आहे.

प्रथम प्रश्नाचे सरळ उत्तर. एफएल स्टुडिओ ही बेल्जियममधील इमेज-लाइन या कंपनीची निर्मिती. १९९७ च्या अखेरीस ‘फ्रूटीलूप्स’ या नावाने ती अवतरली तेव्हा ते निव्वळ तालयंत्र होते. एका ओळीत सोळा चौकोन. ज्या चौकोनावर खूण कराल तेथे ठोका पडेल. २००३ मध्ये नाव बदलले, पुढे आवाज मुद्रित करण्यापासून संपूर्ण गाणे बांधण्यापर्यंत सारे त्यात आले. प्रतिस्पर्धी तगडे होते. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्गचे क्यूबेस १९८९ पासून ठाण मांडून बसलेले. बर्लिनचे एबलटन लाइव्ह २००१ मध्ये आले. लॉजिक २००२ मध्ये ॲपलने विकत घेतले आणि विंडोजवाल्यांना दार बंद केले. या तिघांच्या तुलनेत एफएल अनेकदा उशिरा पोहोचले हे खरेच. मॅक संगणकावर ते अधिकृतपणे आले २०१८ मध्ये. एकाच गाण्यात मात्रांचे गणित बदलण्याची धड सोयही त्याच वर्षीची. मात्र तयार गाण्यातून गायकाचा आवाज आणि वाद्ये वेगळी काढण्याची करामत एफएलने २०२३ मध्ये दिली, आणि लॉजिकला तीच गोष्ट द्यायला २०२४ उजाडले. शिवाय एकदा विकत घेतले की पुढच्या सर्व आवृत्त्या आयुष्यभर विनामूल्य, हे वचन या कंपनीने आजवर पाळले आहे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, हंगामी कमाईच्या मुलासाठी ही गोष्ट शंभर नव्या सोयींहून मोलाची आहे. (चोरीची प्रत वापरणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि हे वचन नेमके त्यांना लागू नाही, हेही त्या मुलाला आम्ही सांगितले.) तेव्हा शर्यतीपुरते बोलायचे तर एफएल मागे पडलेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक जुना आणि अधिक अहंकारी आहे: हे खेळणे आहे, संगीत नव्हे. स्वीडनच्या अविचीने आणि नेदरलँड्सच्या मार्टिन गॅरिक्सने याच ‘खेळण्या’वर जग नाचवले, हे उत्तर येथे पुरेसे व्हावे. पण आपल्या घरचे उत्तर त्याहून बोलके आहे. पेटीला मींड काढता येत नाही, श्रुती दाखवता येत नाहीत, म्हणून १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली, आणि ती शिथिल व्हायला १९७१ उजाडावे लागले. दरम्यान गोविंदराव टेंब्यांच्या महाराष्ट्राने पेटी सोडली काय? आज पेटीवाचून भजन ही कल्पनाही करवत नाही. पुढे १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेट आली तेव्हाही अभिरुचीच्या नावाने असाच गळा काढला गेला, आणि त्याच कॅसेटने भीमगीते मोठ्या कंपन्यांच्या दारात ताटकळत न ठेवता थेट वस्त्यांवर नेली. एफएल हे त्या कॅसेटचे नातवंड आहे.

याच आक्षेपाची एक हळवी आवृत्ती आमच्या साहित्यिक मित्रांना फार प्रिय आहे. ‘यंत्राने हलगीवाला मारला हो!’ ही हळहळ आम्हाला मान्य नाही. गावाच्या लग्नात, मयतीत, देवाच्या जत्रेत हलगी कोणी वाजवायची हे कला ठरवीत नव्हती, जात ठरवीत होती. गावकीची अवमानकारक कामे टाकून द्या, हे डॉ. आंबेडकरांनी सांगितले ते काही संगीतद्वेषातून नव्हे. ज्याच्या आजोबाने उंबऱ्याबाहेर उभे राहून वाजवले, त्याचा नातू आज पडद्यासमोर खुर्चीत बसून तोच ठेका बांधतो आणि आपले दाम आपण ठरवतो. या बदलाला ‘ऱ्हास’ म्हणण्याचा अधिकार आम्हा पगारदार रसिकांना कोणी दिला?

मग आमची काहीच तक्रार नाही काय? आहे, आणि ती एफएलसह त्याच्या सर्व प्रतिस्पर्ध्यांविषयी आहे. त्याहून अधिक आपल्याविषयी आहे.

हलगी वाजवण्यापूर्वी जाळावर शेकून चढवतात. वाजता वाजता ती उतरते, पुन्हा शेकावी लागते. म्हणजे तिचा स्वर मिरवणुकीच्या वाटेवर बदलत असतो. संबळाच्या मोठ्या अंगावर वाकड्या टोकाची काठी नुसती आपटत नाहीत, घासतात. त्यातून जो घुमारा निघतो तोच गोंधळाचा प्राण. सोळा चौकोनांत ठोका बसतो. घुमारा बसत नाही. एकच टिपलेला ठोका पुन:पुन्हा वाजवला की हलगी सदैव एकाच तापमानाची होते. एबलटनने २०२४ मध्ये बारा समान स्वरांच्या पलीकडच्या स्वरव्यवस्था संपूर्ण गाण्याला लावण्याची सोय दिली हे स्वागतार्ह आहे. क्यूबेस, लॉजिकमध्येही काही वाटा आहेत. एफएलमध्ये एकेक स्वर हाताने सरकवता येतो. पण स्वरांच्या पट्ट्या देऊन भागत नाही, संबळ कोणीतरी नीट मुद्रित करून द्यावा लागतो. तो बर्लिनचा माणूस देणार नाही.

दुसरी तक्रार मराठीच्या अभ्यासकाची आहे. आपल्या गीतपरंपरेत कवी आपले नाव शेवटच्या कडव्यात गुंफतो. संतांच्या अभंगांपासून शाहिरांच्या कवनांपर्यंत आणि वामनदादा कर्डकांच्या गीतांपर्यंत ही नाममुद्रा चालत आली आहे. डीजेच्या मिश्रणाला हवे असते धृपद. फार तर पहिले कडवे. शेवटचे कडवे गळते आणि त्याबरोबर कवीही गळतो. त्या जागी दर अर्ध्या मिनिटाला मिश्रण करणाऱ्याचेच नाव गर्जत राहते. आता तर २००४ मध्ये निवर्तलेल्या प्रल्हाद शिंद्यांचाही आवाज जुन्या ध्वनिमुद्रणातून सोलून काढून कोणत्याही ठेक्यावर बसवता येतो. नव्या ठेक्याला आमचा विरोध नाही. पण गाणे ज्याने लिहिले आणि ज्याने गायिले, त्याचे नाव सांगण्याची जबाबदारी कोणत्याही आज्ञावलीत नसते. ती आपल्यात असावी लागते.

आणि येथेच त्या हशाचा हिशेब करायला हवा. एफएलची विनामूल्य चाचणी-प्रत ज्यांनी वापरली आहे त्यांना एक गंमत ठाऊक असेल. त्या प्रतीत केलेले काम साठवता येते, पण नोंदणी केल्यावाचून ते पुन्हा उघडता येत नाही. आमच्या मराठी विभागांनी लोकसाहित्याचे नेमके हेच केले आहे. गोंधळ, भारूड, वाघ्या-मुरळी यांवर प्रबंध झाले, पदव्या मिळाल्या, पदोन्नत्या झाल्या. ध्वनिफिती कपाटात गेल्या. साठवले, पण पुन्हा कोणी उघडले नाही. आम्ही दोघांनीही विद्यार्थिदशेत अशा फिती भरल्या. त्या आज कोठे आहेत हे आम्हाला सांगता येत नाही. त्यांत ज्यांचे आवाज होते त्यांना आम्ही एक चहा पाजला होता, इतकेच स्मरते. हा दोष दुसऱ्या कोणाच्या माथी मारण्याची आमची इच्छा नाही.

वेगळे करता येते याचा पुरावा आपल्याकडेच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या अनेक ध्वनिमुद्रित आहेत, आणि २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या गाणाऱ्या बाईच्या नावागावासह ऐकायला मिळतात. कपाट उघडे ठेवले की काय होते ते तेथे दिसते.

आमचे म्हणणे असे की, एम. ए. ला लोकसाहित्य घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने एका तरी वादकाचे मुद्रण करावे. केवळ एक ठोका टिपून थांबू नये. थंड हलगी, शेकलेली हलगी, चढती लय, संबळाचा घुमारा, सारे टिपावे. वादकाला आधी विचारावे, मोबदला द्यावा, प्रत्येक मुद्रणावर त्याचे नाव लिहावे. आणि ही मुद्रणे आमच्या कपाटाऐवजी मिश्रण करणाऱ्या त्या मुलांच्या हाती द्यावीत, एकाच अटीवर: वादकाचे आणि कवीचे नाव गाण्यात उच्चारले गेले पाहिजे. स्वतःचे नाव गर्जवण्याची युक्ती त्यांना येतेच. तीच येथे वापरावी.

त्या विद्यार्थ्याला आम्ही सांगितले की एफएल सोडू नकोस, ते तुला पुरेसे आहे. मग त्याने विचारले, ‘सर, संबळाचा चांगला आवाज कुठं मिळंल?’ नेटवर त्याला मिळाले होते ते ‘भारतीय तालवाद्ये’ या नावाखालचे तबल्याचे ठोके. पंधरा-वीस वर्षे लोकसाहित्य शिकवणाऱ्या आम्हा दोघांपाशी त्याला देण्याजोगे काहीही नव्हते. शिक्षककक्षात हसायचेच असेल, तर यावर हसावे.