दुसरी वाट

पोलादपूरला मामाकडे डायल-अप होतं, तेव्हा दर सुट्टीत हा सोहळा ठरलेला. मोडेम बराच वेळ किंचाळणार, पलीकडचा ऍक्सेस सर्व्हर फोन उचलणार, नाव-पासवर्ड विचारणार, पटलं तर तेवढ्यापुरता आयपी पत्ता देणार. पुढे राउटर माहितीची पाकिटं एकमेकांकडे देत देत पार अमेरिकेतल्या मशीनपर्यंत पोचवणार... आणि तेवढ्यात मामी ओरडणार, "अरे, फोन मोकळा करा!"

राउटरचं मला कौतुक एवढ्याचसाठी, की एक वाट तुटली तर तो दुसरी धरतो. पण दुसरी असेल तर ना!

२२ जुलै २०२१ ला सावित्रीने महाड बुडवलं, तळियेवर दरड कोसळली. वीज गेली, मोबाइल मुके झाले. मी पुण्यात. घरात फायबर, हातात स्मार्टफोन, आणि रात्रभर मामेभावाचा नंबर फिरवतोय. तिसऱ्या दिवशी त्याचा आवाज ऐकला. रेंजसाठी टेकाड चढला होता बिचारा.

तेव्हापासून कुणी स्पीडचं कौतुक सांगू लागलं की मी विचारतो, टॉवरची बॅटरी किती तास चालते? तालुक्याबाहेर जाणाऱ्या केबली किती? दोन असतील तर एकाच रस्त्याच्या कडेने, की एखादी घाटातून वर? उत्तर अजून मिळालेलं नाही. ही चौकशी आपल्या ग्रामसभेत का होत नाही, कळत नाही.

असो. मामाने लँडलाइन अजून ठेवलीय. तिला वीज एक्स्चेंजमधून मिळते, घरातले दिवे गेले तरी ती वाजते, म्हणतो.